अकरा फूट चार इंच

माझं काम सरळ रेघांचं.
नगर रचना खात्यात एकतीस वर्षं ट्रेसर.
प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन,
एकाच शीटवर तिघंही,
पण शेजाऱ्याशी अबोला धरल्यासारखी.

आमची रजिस्टरं बांधायला जात
हंसापुरीच्या एका बोळात, वकारुद्दीन जिल्दसाजाकडे.
मे महिना. कुलरमधून वाळ्याचा वास, टेबलावरून खळीचा,
आणि काउंटरच्या काचेखाली एक पान,
कुठल्याशा मुरक्क्यातून सुटून आलेलं,
एक कोपरा वाळवीनं नेलेला.
"इराणचं आहे म्हणत होते आजोबा," तो म्हणाला,
"आजोबा बाकी पण बरंच काही म्हणत."

मी सवयीनं चुका मोजायला लागलो.
गालिचा जमिनीवर अंथरलेला नाही, उभा आहे.
हौद वरून पाहिलेला, सहा कोनांचा,
त्यातली बदकं मात्र बाजूनं.
फरशीची नक्षी लांब जाते
तरी एक सुतानंही बारीक होत नाही.
मेणबत्ती आहे म्हणजे रात्र असावी,
पण सावली कुणालाच दिलेली नाही.
समोरची भिंत कुणी उचलून ठेवलीय:
आत शहजादा पेल्याकडे बघतोय,
बाहेर दारवान काठीवर पेंगतोय,
मागे सुरूचं झाड, माळी, माळ्याचं फावडंसुद्धा,
आणि वरच्या खिडकीत एक बाई,
हे सगळं बघत, तोंडात बोट घालून.
घुमट तर चौकट ओलांडून सरळ हाशियात.

"मंजूर नाही होणार," मी म्हटलं,
"मार्जिन सोडलेलं नाही."
वकार दोरा ओवत होता.
"चाफले साहेब, त्यानं काय रस्त्यावर उभं राहून काढलं?
घरात राहणाऱ्याले घर एकदमच दिसते जी."

मग रुंदीकरणाची फाइल आली.
प्रमाण एकास पाचशे.
माझ्या पेनाची रेघ पाव मिलिमीटर,
म्हणजे जमिनीवर साडेबारा सेंटिमीटर,
एखाद्याच्या उंबऱ्याएवढी.
वकारच्या भिंतीवर लाल रंगात आकडा पडला,
या कवितेचं नाव तोच आहे.

जेसीबीनं दोन तासांत सेक्शन काढला.
मी गेलो तेव्हा धूळ खाली बसत होती.
खाली खळीचं पातेलं, शिवणीला लावलेली वही.
वर पिस्ता रंगाची भिंत,
कोनाड्यात घड्याळ, चालू.
सतरंजी कडेवरून घसरून
हवेत उभी.
जिना सातव्या पायरीपर्यंत,
पुढे आभाळ.
गॅसवर कुकर, आणि शगुफ्ता, त्याची सून,
रस्त्याकडे पाठ करून
शिट्ट्या मोजत असावी.
आत, बाहेर, मागचा कडुनिंब, सगळं एकदम.

फक्त सावल्या होत्या. चार वाजताच्या, लांबलचक.
आणि रस्त्यावर माणसं, मोबाइल वर धरून.
त्या पानात भिंत उघडली होती
तरी कुणी उघडं पडलं नव्हतं.
हे मला तिथे, उन्हात, टोपी हातात घेऊन कळलं.

वकार शिडीवर होता.
निळी ताडपत्री विटांच्या कडेला बांधत होता
मेणाच्या दोऱ्यानं, जिल्दीच्या टाक्यानं,
आत-बाहेर, आत-बाहेर, टाका सारखा.
मला बघून म्हणाला, "दोरा धरा थोडा."
धरला.

आता रिटायर आहे. ट्रेसिंग पेपर उरलाय थोडा.
गालिचा उभा काढला. जमला.
कुकर बाजूनं, हौदाऐवजी सिंटेक्सची टाकी वरून.
शगुफ्ताला भिंत दिली, तिच्यापुरती,
आतून दिसेल अशी.
जिना मार्जिनबाहेर गेला, जाऊ दिला.

कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला, एक माणूस हवा.
चारदा काढला, चारदा ब्लेडनं खरवडला.
त्याच्या तोंडात बोट द्यायचं आहे
आणि त्याचा हात मोकळा नाही,
हातात पेन आहे.